नेटबुकाची कैफियत

राज्ये उभी राहतात आणि मोडतात, त्याला पिढ्या लागतात. यंत्रांचे तसे नसते. २००७ च्या दिवाळीच्या सुमारास बाजारात आलेले, दोन वर्षांत जगभर पसरलेले आणि २०१३ साल उजाडता उजाडता कारखान्यांतून हद्दपार झालेले एक यंत्र आमच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिले. त्याचे नाव नेटबुक. सात ते दहा इंचांचा पडदा, एक-सव्वा किलो वजन आणि नेहमीच्या लॅपटॉपच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी किंमत, एवढीच त्याची ओळख. आज कोणी त्याची आठवण काढली तर माणसे हसतात आणि ‘ते खेळणे होय!’ म्हणून मोकळी होतात.

मला या हसण्याचा थोडा राग येतो. हे यंत्र निकृष्ट होते म्हणून गेले, की त्याला चांगले होऊच दिले नाही म्हणून गेले, याची चौकशी कोणी फारशी केलेली नाही. आणि हा प्रश्न एका यंत्रापुरता नाही. थोड्या पैशांत मिळणारी वस्तू कशी असावी, तिच्यात काय असावे आणि काय नसावे, हे कोण ठरवतो? ती घेणारा, की तिच्यामुळे ज्याची महाग वस्तू खपेनाशी होईल तो? नेटबुकाच्या पाच-सहा वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर जितके उघड दिसते, तितके दुसरीकडे क्वचितच दिसते. म्हणून ही कैफियत.

तिची सुरुवात दुकानात होत नाही, शाळेत होते. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातले निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ च्या जानेवारीत डाव्होस येथे जाहीर केले की, आपण जगातील गरीब मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप करणार. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्युनिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत त्याचा पहिला नमुना दाखवण्यात आला. वीज नसलेल्या खेड्यात यंत्र चालावे म्हणून त्याला हाताने फिरवायची दांडी बसवली होती. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ती फिरवायला घेतली आणि दांडी निखळून त्यांच्या हातात आली. शुभशकुन मानणाऱ्यांनी तेथेच काय ते ओळखावे! पुढे प्रत्यक्ष तयार झालेल्या यंत्रात ती दांडी नव्हती.

परंतु दांडी सोडली तर त्या यंत्रात हसण्यासारखे फारसे नव्हते. २००७ च्या नोव्हेंबरात तैवानच्या क्वांटा कंपनीच्या कारखान्यांतून ते मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले, तेव्हा त्याला एक्सओ असे नाव होते. हिरवा-पांढरा रंग, सशासारखे दोन उभे कान (ते अँटेनाचे), धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबराने मढवलेला कीबोर्ड. आत पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही, त्यामुळे पडले तरी मोडण्यासारखे कमी. साडेसात इंचांचा त्याचा पडदा मेरी लू जेप्सन या बाईंनी रचलेला होता. भर उन्हात त्याच्या पाठीमागचा दिवा मालवला की तो काळ्या-पांढऱ्या पुस्तकासारखा वाचता येई. आमच्या खेड्यांतील किती वर्ग झाडाखाली किंवा ओसरीवर भरतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या एका गोष्टीची किंमत कळेल. हजारो रुपयांचे लॅपटॉप आजही उन्हात नेले की आरसे होतात. त्यांत आपलेच घामेजलेले तोंड दिसते.

या यंत्राशी महाराष्ट्राचा खराखुरा संबंध आला. भारतातील त्याचा पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात या वाडीत झाला. एका खोलीची, एका शिक्षकाची, पहिली ते चौथीची शाळा. पटावर वीस-बावीस मुले आणि प्रत्येकाच्या हाती एक हिरवे यंत्र! एका खोलीत चार इयत्ता सांभाळणे म्हणजे काय, हे शिक्षकाशिवाय कोणाला कळायचे नाही. पहिलीची मुले मुळाक्षरे गिरवत असतात, तेव्हा चौथीच्या मुलांना गुंतवून ठेवायचे कसे हाच दिवसभराचा प्रश्न असतो. अशा शाळेत ते यंत्र शिक्षकाचा जोडीदार होऊ शकते, हे मला मनापासून पटते. जेथे शिक्षकच नाही तेथे मात्र ते शिक्षक होऊ शकत नाही.

निग्रोपाँटे यांना हा भेद मान्य नव्हता. मुलाच्या हाती यंत्र द्या, मुले ते उघडतील, मोडतील, जोडतील आणि एकमेकांना शिकवतील, असा सिमूर पॅपर्ट यांच्यापासून चालत आलेला विचार त्यांच्यामागे होता. आमच्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ सालीच या योजनेला नकार दिला. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने हे संशयास्पद आहे, वर्गखोल्या आणि शिक्षक ही पहिली गरज आहे, असा त्या नकाराचा सूर होता. त्या वेळी पुष्कळांनी सरकारला मागासलेले ठरवले. मला तो नकार सर्वस्वी चुकीचा वाटत नाही. त्या पैशांत पुढे वर्गखोल्या आणि शिक्षक कितीसे आले, हा प्रश्न मात्र मी मनातल्या मनात विचारतो.

शंभर डॉलरचे यंत्र शंभरात कधीच बसले नाही. किंमत एकशे ऐंशीच्या पुढे गेली. लाखोंनी मागणी करू म्हणणारी सरकारे एकेक करून मागे सरली. पण या सगळ्या गलबल्यात एक गोष्ट झाली. अवघ्या काही हजार रुपयांत चालता-बोलता संगणक होऊ शकतो, ही कल्पना जगाच्या डोक्यात शिरली. आणि कल्पना एकदा बाहेर पडली की ती जन्मदात्याच्या हाती राहत नाही.

ती प्रथम उचलली तैवानच्या असुस कंपनीने. २००७ च्या जूनमध्ये तैपेई येथील संगणकांच्या मोठ्या प्रदर्शनात तिने ई पीसी नावाचे यंत्र दाखवले आणि किंमत सांगितली एकशे नव्याण्णव डॉलर. ऑक्टोबरात ते बाजारात आले, तेव्हा अमेरिकेत त्याचे चार जीबीचे मॉडेल तीनशे नव्याण्णवला मिळत होते. साखरपुड्यात सांगितलेली जमीन लग्नानंतर निम्मी निघावी, तसाच हा प्रकार. पण लोकांना त्याचे काही वाटले नाही. सात इंचांचा पडदा, ९२० ग्रॅम वजन, ५१२ एमबी रॅम, चार जीबीची साठवण आणि विंडोजच्या ऐवजी लिनक्स. पडद्याच्या दोन्ही बाजूंना स्पीकर बसवलेले असल्यामुळे झाकण मोठे आणि पडदा लहान, असे त्याचे रूप होते. रूपाने बेताचेच म्हणायचे. तरी ते असे खपले की २००८ या एका वर्षात असुसने पन्नास लाखांच्या जवळपास ई पीसी विकले.

आणि घेतले कोणी? येथे इतिहास थोडा वाकडा हसतो. खेड्यातल्या मुलासाठी निघालेली कल्पना अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मध्यमवर्गाच्या घरात दुसरे यंत्र म्हणून जाऊन बसली. घरी मोठा संगणक आहेच, प्रवासात एक लहानसा असावा, म्हणून त्यांनी तो घेतला. आमच्याकडे एचसीएल कंपनीने २००८ च्या जानेवारीत इंटेलच्या शाळकरी यंत्राच्या धर्तीवर माय-लीप नावाचे यंत्र चौदा हजारांच्या आत काढले. तेही ज्याला चौदा हजार जड नव्हते त्याच्याच घरी प्रथम गेले.

मग रीघ लागली. एचपी, एसर, एमएसआय, डेल, लेनोव्हो, सॅमसंग, एकामागून एक सर्वांनी २००८ च्या आत आपापली छोटी यंत्रे बाजारात आणली. ‘नेटबुक’ हे नाव इंटेलने रूढ केले. वास्तविक ते सायन या ब्रिटिश कंपनीने १९९९ मध्ये आपल्या एका यंत्राला दिलेले होते. तिने नोटिसा पाठवल्या, खटला झाला, आणि २००९ च्या जूनमध्ये तडजोड होऊन सायनने नावावरचा हक्क सोडला. नावाचे भांडण मिटले तेव्हा त्या नावाच्या यंत्राची थोडीबहुत जिंदगी सरून गेली होती.

आता यंत्राच्या पोटात काय होते ते पाहू, कारण गुणदोषांचा उगम तेथे आहे.

२००८ पासून बहुतेक नेटबुकांत इंटेलचा ॲटम नावाचा प्रोसेसर आला. एन २७० हा त्यांतला सर्वांत गाजलेला. त्याचा वेग १.६ गिगाहर्ट्झ, म्हणजे कागदावर ऐकायला उत्तम. पण त्याची काम करण्याची रीत निराळी होती. घरातल्या सुगरणीचे उदाहरण घ्या. आधण येईपर्यंत ती कांदा चिरून घेते, कुकरची शिटी होईस्तोवर कणीक मळून ठेवते. कामांचा क्रम ती सोयीने बदलते. महाग प्रोसेसर असेच वागतात. ॲटम मात्र सांगितलेल्या क्रमानेच काम करी. आधी आधण ठेव म्हटले की ते येईपर्यंत पातेल्याकडे बघत उभा. त्याला एकाच वेळी दोन घरांचे काम देण्याची सोय इंटेलने करून ठेवली होती, म्हणजे एका घरचे आधण तापते तोवर दुसऱ्या घरचा कांदा चिरला जाई; तरी मुळातला स्वभाव तो स्वभावच. या साधेपणामुळे तो अतिशय लहान, स्वस्त आणि मिताहारी झाला. अवघ्या अडीच वॉटवर त्याचे भागत असे.

मौज पुढेच आहे. ॲटमच्या शेजारी जो जुन्या पिढीचा चिपसेट बसवला होता, त्याची दोन अंगे मिळून नऊ वॉटपर्यंत खात. साहेब अडीच पोळ्यांवर उठतो आणि त्याचे दोन चपराशी मिळून नऊ खातात! मितव्ययी प्रोसेसरची बरीचशी पुण्याई तेथेच खर्ची पडे. २०१० च्या आरंभी आलेल्या नव्या ॲटममध्ये हे दुखणे बरेच कमी झाले, पण तोपर्यंत लोकांचे मत बनून गेले होते.

दुसरा दोष पडद्याचा. दहा इंची नेटबुकाचा पडदा रुंदीला १०२४ आणि उंचीला ६०० ठिपक्यांचा असे. पहिल्या ई पीसीचा तर अवघा ८०० बाय ४८०. पण बहुतेक सॉफ्टवेअर किमान ७६८ ठिपक्यांची उंची गृहीत धरून केलेले होते. त्यामुळे एखादी चौकट उघडली की तिचे ‘ओके’चे बटण पडद्याच्या खाली, दिसेनासे. सरकारी अर्ज संगणकावर भरणाऱ्या कित्येकांनी हे बटण शोधण्यात संध्याकाळी घालवल्या असतील. मराठीला तर हा पडदा आणखी तोकडा. इंग्रजी अक्षर एका मजल्याचे. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार. ओळीला उंची जास्त लागते, म्हणून जेथे इंग्रजीच्या वीस ओळी मावतात तेथे मराठीच्या पंधरा मावल्या तरी खूप.

हे मी ऐकीव सांगत नाही. २००९ साली मी तालुक्याच्या गावातून एक दहा इंची नेटबुक घेतले होते आणि माझ्या एका कादंबरीचा पुष्कळसा भाग त्याच्यावर लिहिला. त्यात विंडोज एक्सपी होते. एक्सपीमध्ये मराठी उमटण्याची व्यवस्था आहे, पण ती आधी मूळ सीडीवरून चढवावी लागे. मी दुकानदाराकडे गेलो.

“गुरुजी, सीडी आणा, पाच मिनिटांत टाकून देतो,” तो म्हणाला.

“आणि सीडी घालायची कुठे?”

त्याने यंत्र चारी बाजूंनी फिरवून पाहिले. नेटबुकाला सीडीचे तोंडच नव्हते! किंमत आणि वजन कमी करण्यासाठी कंपन्यांनी ते काढून टाकले होते. सीडीवरच्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन, त्या पुन्हा यंत्रात घालून, दोन दिवसांनी त्याच्यावर ‘श्री’ उमटला. यंत्र कोठल्या देशात रचले जाते आणि कोठल्या भाषेच्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून रचले जाते, याचा तो एक लहानसा धडा होता.

एवढे सारे सांगून झाल्यावर मी त्या यंत्राच्या बाजूने साक्ष देणार आहे. त्या वर्षी आमच्या भागात रोज कित्येक तास भारनियमन असे. घरोघरचे मोठे संगणक वीज जाताच डोळे मिटत. माझे नेटबुक सहा सेलच्या बॅटरीवर पाच-सहा तास सहज चाले. ते पिशवीत मावे, एस.टी.त मांडीवर बसे, आणि हरवले किंवा फुटले तर घर बुडेल अशी धास्ती नसे. त्याच्यावर एका वेळी एकच काम धड होई, हा दोष म्हणतात. लिहिणाऱ्याला तो वर आहे. पडद्यावर पंधरा ओळीच दिसत असल्यामुळे मागचे उगाळत बसण्याचा मोह कमी होई आणि मजकूर पुढे सरके. कीबोर्ड नेहमीपेक्षा किंचित आखूड होता, पहिल्या सात इंची यंत्रांवर तर मोठ्या माणसाची बोटे एकमेकांवर चढत. पण दहा इंची यंत्रांत ही अडचण बरीचशी मिटली होती. इनस्क्रिप्ट पद्धतीत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे असतात. ती लय एकदा बसली की लहान कीबोर्डावरही मराठी झरझर उतरते. सॅमसंगच्या २००८ च्या एनसी १० या यंत्राचा कीबोर्ड तर त्या काळी सर्वत्र वाखाणला गेला होता.

म्हणजे दोष होते, परंतु ते दोन जातींचे होते हे ध्यानात घ्यायला हवे. काही स्वस्ताईतून आलेले. सीडीचे तोंड नाही, पडदा लहान, पहिल्या स्वस्त यंत्रांतली साठवण लिहिताना अडखळणारी. चार पैसे कमी दिले की चार गोष्टी कमी मिळणार, याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. दुसरे दोष मात्र लादलेले होते.

त्याची हकीकत अशी. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा नावाची नवी विंडोज काढली होती. ती इतकी जड होती की नेटबुकाला तिचे ओझे पेलवेना. जुनी एक्सपी २००८ च्या जूनअखेर विक्रीतून काढायची असे ठरलेले. तेवढ्यात लिनक्सवर चालणाऱ्या ई पीसीचा खप दिसला आणि मायक्रोसॉफ्टला धोका कळला. २००८ च्या एप्रिलमध्ये तिने जाहीर केले की, अत्यंत स्वस्त यंत्रांपुरती एक्सपी चालू राहील. अट एवढीच की ती यंत्रे स्वस्तच राहिली पाहिजेत, म्हणजे दुबळीच राहिली पाहिजेत. रॅम एक जीबीच्या वर नको, पडदा ठरावीक इंचांच्या वर नको, डिस्क ठरावीक आकाराच्या वर नको. या मर्यादा पुढे थोड्याथोड्या सैल केल्या गेल्या, पण एक जीबी रॅमची वेस बराच काळ तशीच राहिली. रॅम वाढवायला त्या वेळी फारसा खर्च नव्हता. कित्येक घरांत विकत घेणाऱ्याने झाकण उघडून स्वतःच दोन जीबीची पट्टी बसवली आणि तेच यंत्र दुप्पट शहाणे वागू लागले. गरिबाला पोटभर जेवू घालणे परवडत नव्हते असे नव्हे. तो पोटभर जेवला तर श्रीमंताच्या पंगतीचे ताट विकले जाणार नाही, ही भीती होती.

लिनक्सचे काय झाले म्हणाल, तर ते लोकांच्या अंगवळणी पडले नाही. लिनक्सची नेटबुके गिऱ्हाइके एक्सपीच्या चौपट प्रमाणात परत आणतात, असे एमएसआय कंपनीच्या एका अधिकाऱ्याने २००८ साली सांगितले होते. त्यात कंपन्यांचाही दोष होता. अर्धवट जुळवलेले लिनक्स यंत्रात कोंबून त्यांनी ते बाजारात ढकलले. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत खपणाऱ्या नेटबुकांपैकी शेकडा शहाण्णवांवर विंडोज असल्याचे आकडे मायक्रोसॉफ्टने अभिमानाने दाखवले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विंडोज सेव्हन आली आणि तिच्या सर्वांत स्वस्त, ‘स्टार्टर’ नावाच्या अवतारात पडद्यामागचे चित्रसुद्धा बदलता येत नसे. चाळीतल्या भाडेकरूला भिंतीवर कॅलेंडर लावायचीही मनाई असावी, तसे हे. चित्र बदलू देण्यात कंपनीचा काय खर्च होता? काही नाही. ‘तू स्वस्तातला आहेस’ ही आठवण रोज सकाळी करून देणे, एवढाच तिचा उद्देश दिसतो.

मग २०१० च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॅड लोकांसमोर ठेवला. नेटबुक कोणत्याच कामात सरस नाही, ते फक्त स्वस्त आहे, असा त्यांचा त्या दिवशीचा शेरा होता. आयपॅड नेटबुकापेक्षा महाग होता, पण तो चटकन जागा होई, बोटाने चाले आणि चित्रपट न अडखळता दाखवी. पाहण्यासाठी यंत्र घेणारे सगळे तिकडे गेले. लिहिणारे थोडे होते; त्यांच्यासाठी कोण कारखाना चालवणार? डेलने २०११ च्या अखेरीस नेटबुके थांबवली आणि २०१२ संपता संपता असुस आणि एसर या तैवानी भावंडांनीही हात काढून घेतला.

शाळांची गोष्ट मात्र तेथे संपली नव्हती. पेरू देशाने एक्सओ यंत्रे लाखांच्या संख्येने खेड्यापाड्यांत वाटली. तेथील तीनशेएकोणीस ग्रामीण शाळांचा अभ्यास इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी केला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला की, गणित व भाषा यांच्या परीक्षांतील गुणांवर यंत्रांचा काही परिणाम दिसत नाही. मुलांच्या सर्वसाधारण आकलनशक्तीत मात्र काही वाढ दिसते. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांची तयारी अपुरी होती. उरुग्वे या लहान देशाने २००७ मध्ये एका खेड्यापासून आरंभ करून २००९ च्या ऑक्टोबरपर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील साडेतीन लाखांहून अधिक मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांनाही यंत्रे दिली. शाळा-शाळांत इंटरनेट नेले. तेथेही पहिल्या दोन वर्षांत वाचनाचे आणि गणिताचे गुण वाढलेले आढळले नाहीत. परंतु ज्या घरात यापूर्वी संगणक शिरण्याची शक्यताच नव्हती, तेथे तो शिरला. श्रीमंत आणि गरीब घरांतील हे एक अंतर त्या देशाने दोन-अडीच वर्षांत पुसत आणले. परीक्षेचे गुण हेच एक माप धरले तर आमच्या शाळांतील वाचनालये, खेळाची मैदाने आणि सहलीही बंद करायला हव्यात.

आमच्या देशातले प्रयत्न आठवले की हसावे की रडावे कळत नाही. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी नव्वदीच्या अखेरीस सिम्प्युटर नावाचे हातात मावणारे यंत्र योजले होते. कल्पना काळाच्या पुढची, पण २००४ मध्ये ते विक्रीला येईपर्यंत मोबाइल फोन गावोगाव निघाले होते. खप काही हजारांपलीकडे गेला नाही. २००९ च्या फेब्रुवारीत तिरुपती येथे सरकारने दहा डॉलरचा लॅपटॉप म्हणून गाजलेली वस्तू दाखवली. तो लॅपटॉप नव्हताच, माहिती साठवायची एक पेटी निघाली. २०११ च्या ऑक्टोबरात कपिल सिब्बल यांनी दिल्लीत आकाश टॅबलेट विद्यार्थ्यांच्या हाती दिला. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. पडदा सात इंची, ८०० बाय ४८०, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या पहिल्या ई पीसीइतकाच. रॅम २५६ एमबी, म्हणजे एक्सओइतकीच. आणि कीबोर्ड गेलेला. तक्रारी इतक्या आल्या की पुढच्या वर्षी सुधारलेली आवृत्ती काढावी लागली.

कीबोर्ड गेला, या दोन शब्दांपाशी मी मुद्दाम थांबतो. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा माझ्या वर्गातील मुले शिकली ती वडिलांच्या मोबाइलवर, तेही वडील संध्याकाळी कामावरून आल्यानंतर. मुलांनी धडे पाहिले, ऐकले. पण निबंध लिहायला सांगितला की बहुतेक जण वहीत लिहून त्याचा फोटो पाठवीत, कारण बोटभर पडद्यावर दोन पाने मजकूर लिहिणे कोणाला जमते? वाक्य मागे-पुढे करणे, मधले खोडणे, पुन्हा वाचणे हे त्या पडद्यावर होत नाही. त्या वर्षी मला त्या हसण्यावारी नेलेल्या यंत्राची फार आठवण झाली. दहा-बारा हजारांतला, बटणांचा, पाच तास चालणारा एक मंद संगणक, बस्स. त्यापेक्षा अधिक त्या मुलांना काही नको होते.

कल्पना पुरती मेलेली नाही. २०११ पासून गूगलच्या प्रणालीवरची क्रोमबुके अमेरिकेच्या शाळांत शिरली. ती नेटबुकाचीच नातवंडे, फक्त घराण्याचे नाव लावत नाहीत. आमच्याकडे २०२३ च्या जुलैत जिओने ९९० ग्रॅम वजनाचे, सव्वाअकरा इंचांहून थोड्या मोठ्या पडद्याचे यंत्र १६,४९९ रुपयांना काढले. चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी साठवण. दुबळे आहे अशी तक्रार त्याच्याहीबद्दल झाली, आणि ती करणाऱ्यांच्या घरी बहुधा दुसरा संगणक होता.

जुन्या नेटबुकांची अवस्था आता अशी आहे. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलमध्ये कायमचा निरोप दिला. त्यानंतर जाणत्यांनी त्यांवर लिनक्स चढवून ती आणखी दहा वर्षे चालवली; ज्या लिनक्सला लोकांनी दुकानात परत केले होते, त्यानेच म्हातारपणी त्यांना सांभाळले. पण एन २७० हा बत्तीस बिटांचा प्रोसेसर. उबंटूने बत्तीस बिटांच्या यंत्रांसाठी नव्या आवृत्तीची तबकडी काढणे २०१७ मध्ये थांबवले. डेबियन त्यांना शेवटपर्यंत धरून होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून त्यानेही त्यांच्यावर स्वतंत्रपणे बसण्याची सोय काढून टाकली. बाराव्या आवृत्तीवर ती यंत्रे अजून काही काळ चालतील. माझ्या नेटबुकाची बॅटरी फुगल्यामुळे काढून टाकली आहे, म्हणून ते भिंतीच्या प्लगला बांधलेले असते. शाळेतल्या सातवीच्या दोन मुली मधल्या सुटीत त्याच्यावर इनस्क्रिप्ट शिकतात.